मोटारीचा लगाम कोणाच्या हातीं?

घोड्याचा लगाम स्वाराच्या हातीं असावयाचा, ही गोष्ट इतकी उघड आहे कीं ती सांगण्याचीहि कोणास गरज वाटत नाहीं. घोडा विकणारा सौदागर पैसे मोजून घेतो, घोड्याची एखादी खोड असली तर ती लपवितो, आणि आपल्या वाटेनें निघून जातो. विकलेल्या घोड्यानें चौखूर धांवावें कीं दुडक्या चालीनें चालावें, हें ठरविण्याचा अधिकार तो आपल्यापाशीं ठेवीत नाहीं. मोटारीचें मात्र तसें राहिलेलें नाहीं. शेंकडों अश्वशक्तींची मोटार लक्षावधि रुपये देऊन घेतल्यावरहि तिची पुरी शक्ति वापरावयास कारखानदाराची संमति लागते, असा प्रकार आज अनेक देशांत दिसतो. आणि तो योग्य कीं अयोग्य यावरून मोटारमालकांतच दोन तट पडलेले आहेत. एक पक्ष म्हणतो, "वस्तु आमची, पैसा आमचा; मग कुलूप तुमचें कां?" दुसरा म्हणतो, "ज्या शक्तीनें रस्त्यावरील परक्या माणसाचा जीव जाऊं शकतो, ती कोणाच्या तरी ताब्यांत असलीच पाहिजे." दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण या वादास शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि तो पाहिल्यावांचून निवाडा करूं जाणें आम्हांस उतावीळपणाचें वाटतें.

मोटारीच्या जन्मकाळीं लगाम सरकारच्या हातीं होता. इंग्लंडांत १८६५ च्या कायद्यानें रस्त्यावरील यांत्रिक गाड्यांस गांवाबाहेर ताशीं ४ मैल व गांवांत ताशीं २ मैल अशी मर्यादा घातली, आणि गाडीपुढें ६० यार्डांवर तांबडें निशाण घेतलेला मनुष्य चालला पाहिजे असें फर्माविलें. १८९६ मध्यें बंधनें सैल झालीं. त्या आनंदाप्रीत्यर्थ मोटारवाल्यांनीं १४ नोव्हेंबर रोजीं लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची मिरवणूक नेली. १९०३ मध्यें मर्यादा ताशीं २० मैल ठरली. पोलीस दबा धरून वेग मोजूं लागले, तेव्हां मालकांनीं १९०५ मध्यें ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापून, पुढें पोलीस आहेत अशी सूचना देणारे सायकलस्वार रस्त्यांवर नेमले. १९३० मध्यें पार्लमेंटनें मोटारींवरील वेगमर्यादा काढूनच टाकली, आणि १९३४ च्या कायद्यानें वस्तीच्या भागांत ताशीं ३० मैलांची मर्यादा पुनः आणिली. ह्या साऱ्या घालमेलींत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. बंधन रस्त्यावर होतें, यंत्रांत नव्हतें. तें मोडणें शक्य होतें, मोडल्यास दंड होता, आणि तें अन्यायाचें वाटल्यास पार्लमेंटापुढें गाऱ्हाणें नेण्याची सोय होती.

बंधन यंत्राच्या पोटांतच बसवावें, ही कल्पना लोकांच्या मतास टाकली गेली ती अमेरिकेंत. मोटारींखालीं सांपडून माणसें, विशेषतः मुलें, मरूं लागल्यामुळें संतापलेल्या सिनसिनाटी शहरांतील नागरिकांनीं १९२३ मध्यें एका अर्जावर ४२,००० सह्या गोळा केल्या. मागणी अशी कीं, शहरांतील प्रत्येक मोटारीस असें साधन बसवावें, कीं ताशीं २५ मैलांपलीकडे वेग जातांच इंजिन बंद पडावें. प्रश्न नोव्हेंबरांत मतदानास गेला. मोटारींचे व्यापारी व मोटार-क्लब एकजुटीनें विरोधास उभे राहिले, आणि मागणीचा मोठ्या मताधिक्यानें पाडाव झाला. वेग काढून घेतल्यास मोटारीस घोड्यापेक्षां अधिक तें काय उरलें, हें मर्म धंदेवाल्यांनीं बरोबर ओळखलें होतें. त्या दिवशीं मालक व विक्रेते एकाच छावणींत होते. मालकांस वाटलें कीं लगाम आपल्या हातीं राहिला. वस्तुतः तो कोणाच्या हातीं जावयाचा होता, हें कळण्यास पुढें साठांहून अधिक वर्षें लागलीं.

नोव्हेंबर १९७३ मध्यें तेलाच्या टंचाईमुळें पश्चिम जर्मनीनें आपल्या महामार्गांवर ताशीं १०० किलोमीटरची मर्यादा घातली. ती मार्च १९७४ मध्यें उठली. अशी मर्यादा कायमची होऊं नये म्हणून ए.डी.ए.सी. ह्या मोटारमालकांच्या संघानें 'मोकळ्या नागरिकांस मोकळा रस्ता' अशा अर्थाची घोषणा देऊन चळवळ केली. तेव्हांपासून त्या महामार्गांवर ताशीं १३० किलोमीटर ही केवळ शिफारस आहे. सर्वत्र लागू असा नियम नाहीं. पुढील दशकांत धुरानें अरण्यें मरत आहेत अशी ओरड झाली, मर्यादेची मागणी पुनः जोर धरूं लागली, आणि इकडे मोटारी तर ताशीं २५० किलोमीटरांच्या पलीकडे धांवण्यास समर्थ झाल्या. तेव्हां कायद्याचा घाला येण्यापूर्वींच मोठ्या कारखानदारांनीं आपण होऊन हात आखडला. १९८७ मध्यें निघालेल्या बी.एम.डब्ल्यू. ७५० पासून ताशीं २५० किलोमीटरची सीमा यंत्रांतच बसविली जाऊं लागली. मर्सिडीझ व ऑडी यांनींहि तीच धरली. पोर्शे मात्र ह्या संकेतांत सामील झाली नाहीं. ही सीमा कोणत्याहि विधिमंडळानें ठरविलेली नव्हती, आणि तीबद्दल मालकांस कोणीं विचारलेंहि नव्हतें. पुढें जादा पैसे भरणारास ती सीमा वर सरकवून मिळूं लागली. बी.एम.डब्ल्यू.च्या एम-५ मोटारीची २५० ची सीमा अशा रीतीनें ३०५ वर गेली, व त्या रकमेंत वेगानें गाडी हांकण्याच्या शिक्षणाचाहि समावेश करण्यांत आला. शिक्षणाची जोड देणें शहाणपणाचें खरें. परंतु लोकहितासाठीं म्हणून घातलेली रेघ पैशानें सरकूं लागली म्हणजे लोकहिताचा मुद्दा पातळ होतो.

जपानांतील संकेत याहून कडक होता. तेथें रस्त्यांवरील वार्षिक मृत्युसंख्या १९८८ मध्यें पुनः १०,००० च्या वर गेली. सरकारची नाराजी ओळखून कारखानदारांनीं, २८० पेक्षां अधिक अश्वशक्ति जाहीर करावयाची नाहीं, असें आपसांत ठरविलें. १९८९ ची निसान फेअरलेडी ही त्या आंकड्यास पोंचलेली पहिली मोटार. ताशीं १८० किलोमीटरची सीमा तर त्यापूर्वींपासूनच होती. परिणाम मोठा मौजेचा झाला. कागदावरचा आंकडा २८० वर खिळून राहिला, आणि कागदाबाहेरचीं इंजिनें वर्षानुवर्षें बळावत गेलीं. स्कायलाइन जी.टी.-आर. सारख्या मोटारींची खरी शक्ति जाहीर आंकड्याहून अधिक आहे, ही गोष्ट मालकांत उघड गुपिताप्रमाणें बोलली जाई. अखेर २००४ मध्यें होंडानें ३०० अश्वशक्तींची लेजेंड बाजारांत आणिली, आणि हा संकेत मावळला.

डिसेंबर २००७ मध्यें निसाननें ४८० अश्वशक्तींची नवी जी.टी.-आर. जपानांत विकावयास काढली. तिच्यांत कुलूप होतें आणि किल्लीहि होती. पण किल्ली मालकाच्या खिशांत नव्हती. गाडी मान्य केलेल्या शर्यतीच्या मैदानावर आहे, असें उपग्रहाच्या साह्यानें वाट दाखविणाऱ्या यंत्रानें ओळखल्यावरच १८० ची सीमा सोडवितां येई. अमेरिकेंत याच गाडीवरून निराळा तंटा उद्भवला. घसरण थोपविणारें साधन बंद करून, उभ्या जागेवरून बाणासारखें सुटण्याची एक युक्ति गाडींत होती. ती वापरल्यावर कांहीं मालकांचे गिअर-बॉक्स मोडले, आणि तें साधन बंद करून झालेली नुकसानी हमींत बसत नाहीं, असें उत्तर त्यांस मिळालें. मालक म्हणूं लागले, "बटण तुम्हीच दिलें, तें दाबणें हा आमचा अपराध कसा?" दुसरे मालकच त्यांस उत्तर देत, कीं चिखलांत किंवा बर्फांत गाडी रुतल्यासच तें साधन बंद करावें असें पुस्तिकेंत लिहिलें होतें, एकाच्या हौसेनें मोडलेल्या दांत्यांचा खर्च सर्व ग्राहकांच्या किमतींत कां चढवावा? पुढें संगणकाची आज्ञावली बदलून सुटण्याची ही रीत सौम्य करण्यांत आली. आम्हांस ह्या तंट्यांत दोन्ही बाजूंचें म्हणणें समजण्यासारखें वाटतें, कारण येथें लगामास यंत्राच्या आयुष्याचें तरी कारण होतें.

यापुढचा अध्याय वेगळा आहे. टेस्ला कंपनीनें आपल्या कांहीं मोटारींत ७५ किलोवॉट-तासांची बॅटरी बसवून, ती आज्ञावलीनें ६० वर अडविली व त्या मोटारी कमी किमतीस विकल्या. सप्टेंबर २०१७ मध्यें फ्लॉरिडावर इर्मा नांवाचें चक्रीवादळ चालून आलें, तेव्हां घरदार सोडून निघालेल्या मालकांसाठीं कंपनीनें तें कुलूप दुरूनच कांहीं दिवसांपुरतें उघडलें. ह्या कृत्याची स्तुति झाली, आणि ती रास्तच होती. परंतु संकटांत मिळालेली ती शक्ति पूर्वींपासून आपल्याच गाडींत होती, आणि ती देणें न देणें दूर बसलेल्या कोणाच्या मर्जीवर होतें, हेंहि त्याच वेळीं मालकांच्या ध्यानांत आलें. २०१९ मध्यें त्याच कंपनीनें मॉडेल-३ च्या एका जातीस २,००० डॉलर घेऊन अधिक चपळ करण्याची सोय काढली. गाडीचा एक स्क्रूहि बदलावा लागत नसे. २०२२ मध्यें मर्सिडीझनें अमेरिकेंत विजेच्या मोटारींची वाढीव शक्ति दर वर्षीं १,२०० डॉलर भाड्यानें देऊं केली. त्याच वर्षीं बी.एम.डब्ल्यू.नें कांहीं देशांत बैठकींची ऊब मासिक वर्गणीवर ठेवली. ग्राहकांनीं इतका गिल्ला केला कीं २०२३ मध्यें कंपनीस तो बेत सोडावा लागला.

मालकांनीं हें कुलूप स्वतः उघडावें म्हटलें तर कायदा आडवा येई. अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यानें आज्ञावलीवरील कुलूप फोडणें हा गुन्हा ठरविला होता, आणि ट्रॅक्टर बनविणाऱ्या जॉन डिअर कंपनीनें तर असें प्रतिपादिलें, कीं यंत्रांतील आज्ञावलीचा मालक ग्राहक नव्हे. त्यास यंत्राच्या आयुष्यभर ती वापरण्याची केवळ परवानगी मिळते. २०१५ मध्यें तेथील सरकारी ग्रंथालयाच्या अधिपतींनीं दुरुस्तीसाठीं व कायदेशीर फेरफारांसाठीं मोटारी आणि ट्रॅक्टर यांस सूट दिली. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर व शौकिनाची शर्यतीची मोटार एकाच दारांतून आंत आलीं, ही ह्या वादांतील मोठी बोलकी गोष्ट आहे. हा वाद केवळ चैनखोरांचा आहे असें समजणारांनीं ती विसरूं नये.

तर मग निवाडा काय? आमच्या मतें सर्व लगाम एका मापानें मोजणें हीच चूक आहे. युरोपांत जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारींत रस्त्याची वेगमर्यादा ओळखून चालकास सावध करणारें साधन सक्तीचें झालें. पण त्यावर मात करण्याची मुभा चालकास ठेवली. आपल्या देशांत १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत ताशीं ८० किलोमीटरांवर थांबून थांबून व १२० वर अखंड सूचक नाद होतो. मालक कुरकुरतो, पण हा नियम राजपत्रांत छापलेला आहे, आणि नाद लहान मोटारींत होतो तसाच मोठ्या मोटारींतहि होतो. व्होल्व्होनें २०२० पासून आपल्या मोटारींस ताशीं १८० किलोमीटरची सीमा घातली, तेव्हां ती एक वर्ष आधीं जाहीर केली, आणि पैसे भरून ती उठविण्याची पळवाट ठेवली नाहीं. कोणास हें पसंत पडो न पडो, त्यांत लपंडाव नाहीं.

म्हणून बंधन दिसलें कीं तीन प्रश्न विचारावे. तें विकत घेण्यापूर्वीं उघड सांगितलें होतें काय? त्याचें कारण मालकापलीकडे दुसऱ्या कोणाच्या जिवाशीं किंवा यंत्राच्या टिकाऊपणाशीं निगडित आहे काय? आणि तें पैशानें सुटतें काय? जें बंधन धनिकास पैसे टाकून सुटतें, तें सुरक्षिततेचें नव्हे, तें दुकानदारीचें. दुकानदारी हा गुन्हा नाहीं, पण तिनें लोकरक्षणाचा अंगरखा घालूं नये.

सिनसिनाटीच्या मतदारांनीं १९२३ मध्यें नगरपालिकेस लगाम नाकारला, याबद्दल त्यांस दोष देण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु नगरपालिकेस निवडणुकींत जाब विचारतां येतो. कारखान्याच्या संगणकास येत नाहीं. रस्त्यावरचा वेग समाजानें आवरावा, यास शहाण्या मालकाचा विरोध असूं नये. त्याचें भांडण असावें तें एवढेंच, कीं जो आवर घालावयाचा तो चारचौघांत चर्चा करून, सर्वांस सारखा, आणि कायद्याच्या पुस्तकांत वाचतां येईल असा घालावा.