अंगठ्यांची वही

आजीला वाचता येत नव्हतं. पण पेटीतला कोणता कागद कशाचा, हे ती बोटांनी सांगायची. "हा जाडाभरडा हाय ना पोरी, हा परिषदेचा. हा पातळ मिलच्या संपाचा. आन् ह्या पावत्या. चार चार आणे देल्ले होते मायनं." उत्तर नागपुरातलं आमचं कवेलूचं घर, कोपऱ्यात पत्र्याची पेटी, पेटीच्या तळाशी कडुलिंबाचा पाला. उन्हाळ्यात ती सगळे कागद खाटेवर पसरून ऊन दाखवायची, आणि त्या दिवशी आम्हा पोरांना अंगणात पळायची बंदी असायची.

पणजी एम्प्रेस मिलमध्ये रिळांच्या खात्यात होती. १८७७ साली टाटांनी सुरू केलेल्या या मिलनं आमच्यासारख्या कितीतरी घरांना रोकड पगार दिला, आणि त्या पगारातून वस्तीत शाळा, छापखाने, वर्तमानपत्रं उभी राहिली. किसन फागोजी बनसोडे यांनी इथूनच 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' अशी पत्रं चालवली. तीही नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव होण्याच्या आधीपासून. एक जण वाचायचा आणि दहा जण ऐकायचे, असं आजी सांगे. अंक फाटेपर्यंत हातोहात फिरे. म्हणूनच आज त्यातले फार थोडे हाती लागतात.

आजीची एक गोष्ट मात्र मी कधी मनावर घेतली नव्हती. २० जुलै १९४२. नागपूरच्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती. त्याच मांडवात त्या दिवसांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही स्थापन झालं. आजी तेव्हा बारा वर्षांची होती. "बाया इतक्या, का मायच्या पदराले धरून चालली तं पाय दुसरीच्याच पायावर पडे. आन् त्या दिवशी ठरलं होतं, का आमच्यावर बाईच मुकादम पायजे." हे शेवटचं वाक्य ती दर वेळी म्हणे. मला वाटे, ही पणजीची मिलमधली जुनी कुरकूर असेल, सांगता सांगता परिषदेला येऊन चिकटली असेल.

आजी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्या परिषदेचा छापील अहवाल वाचायला मिळाला. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. ठराव घटस्फोटाच्या हक्काचा, एकाहून अधिक बायका करण्याविरुद्ध. मग गिरणीत आणि विडीच्या कारखान्यात राबणाऱ्या बायांचा ठराव: वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, इजा झाल्यास भरपाई, २० वर्षं नोकरी झाल्यावर महिना किमान १५ रुपये पेन्शन. आणि पुढे, जिथं बाया काम करतात त्या गिरण्यांत देखरेखीला बाईच नेमावी. मी ते पान मिटून बसून राहिले. साठ वर्षं एका निरक्षर बाईनं तो ठराव शब्दाला शब्द सांभाळला होता, आणि मी पदवीधर, मला ती कुरकूर वाटली होती.

आमच्या घरातलं नुकसानही सांगायला हवं. मी कॉलेजात असताना कवेलू फेरायला काढले आणि त्याच रात्री अवकाळी पाऊस आला. पेटीचं झाकण उघडं राहिलं होतं. सकाळी अर्ध्या कागदांचा लगदा. आजी रडली नाही. एकेक पान सोडवून खाटेच्या दोरीवर वाळत घालत राहिली. शाई ओघळून जांभळे डाग तेवढे उरले होते. पुढे बाबासाहेब आंबेडकरांचे सहायक नानकचंद रत्तू यांचं लेखन वाचलं. १९६७ च्या जानेवारीत दिल्लीत २६, अलीपूर रोडवरचे बाबासाहेबांचे कागद उघड्यावर पडून पावसात भिजले, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. तेव्हा मला आमची खाट आठवली. जे उरलं त्यातून १९७९ पासून बाबासाहेबांच्या ग्रंथांचे खंड निघू लागले, ते नागपूरच्या वस्तीत वाढलेल्या वसंत मून यांच्या संपादनाखाली. आणि चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचा टाइपरायटर, कोट जपले गेले, ते वामनराव गोडबोले यांच्यामुळं. या माणसांचं ऋण आपण अजून नीट मोजलेलंच नाही.

कागद फक्त आपलेच गेले नाहीत. दूरच्या आयर्लंडमध्ये जून १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना जळून गेला. जनगणनेचे कागद, मृत्युपत्रं, शतकांच्या नोंदी राख झाल्या. पुढे १९३७ ते ३९ मध्ये तिथल्या सुमारे ५ हजार शाळांतल्या पोरांना वह्या दिल्या गेल्या: घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी ऐका आणि लिहून आणा. त्या वह्या आजही आहेत. आपल्याकडं मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी गावोगाव फिरून बायांना बोलतं केलं आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये दिलं. पण त्या दोघी होत्या, आणि म्हाताऱ्या बाया हजारो. आपल्या शाळांनी हे काम हाती घ्यायला हवं होतं, अजूनही घ्यावं.

पेटीतून वाचलेली एक वही आज माझ्याकडं आहे. वस्तीच्या महिला मंडळाची, चाळीसच्या दशकातली. जाईबाई चौधरी यांनी १९२२ साली काढलेल्या चोखामेळा कन्याशाळेत शिकलेली एक मुलगी नावं लिहायची, आणि नावापुढं बाया निळ्या शाईचा अंगठा उठवायच्या. पाण्यानं बरीच नावं गेली, अंगठे राहिले.

गेल्या दिवाळीत ती वही घेऊन मी वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मावशीकडं गेले. नव्वदीच्या पुढं वय, एका डोळ्यानं दिसतं. तिनं पान उन्हाकडं धरलं. एका अंगठ्यावर आडवी पांढरी रेघ होती, जखमेच्या व्रणाची. नाव पुसलेलं. मावशी बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "सुतानं कापला व्हता तो. रिळावर. तुह्या पणजीचा हाय, बाप्पा."