धाव ते ट्रॉलीचा टायर

खंडाळा तालुक्यात उत्तरेला नीरेकाठची रानं, पूर्वेला लोणंदच्या बाजाराची वाट, तर दक्षिणेला खंबाटकीचा घाट. मालाच्या गाडीला कोणते चाक लावायचे, हे इथे रस्त्याने ठरवले आणि त्याहून जास्त गाडी ओढणाऱ्याच्या चालीने.

जुन्या बैलगाडीचे चाक बाभळीचे, त्यावर लोखंडी धाव. ही धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान घडवत. गोवऱ्यांच्या आगीत तापून लाल झाली की ती फैलावे. मग दोघे-तिघे सांडशीने उचलून ती चाकावर बसवत, घणाने ठोकत आणि लगेच पाणी ओतत. लाकूड धुरकटून काळे पडे, लोखंड आकसे आणि तुंबा, आरे, पुठ्ठे एकमेकांत करकचून बसत. उन्हाळ्यात लाकूड सुकले की तीच धाव खुळखुळू लागे. त्यावर चाक पाण्यात भिजत ठेवणे हा सोपा इलाज होता. पावसाळ्यातल्या दोषावर मात्र इलाज नव्हता. सगळा भार अरुंद पट्टीवर येई, काळ्या मातीत चाकोरी खोल जाई आणि बैल मेटाकुटीला येत.

डनलॉपने हवेचा टायर 1888 मध्ये सायकलसाठी काढला. पुढे भारतात बैलगाडीसाठी वेगळा टायर आला. ‘एडीव्ही’ (ॲनिमल ड्रॉन व्हेइकल) म्हणून तो ओळखला जातो आणि त्याची रिम बहुधा 19 इंची असते. त्याला खरे गिऱ्हाईक उसाने दिले. 1950 च्या सुमारास प्रवरानगरपासून सुरू झालेली सहकारी साखर कारखान्यांची लाट सातारा-सांगलीतही आली. भुईंजच्या किसन वीर कारखान्यासारख्या ठिकाणी बीडकडचे तोडकरी टायरगाडीने ऊस आणू लागले. त्याच बैलजोडीवर जास्त ऊस लादता येऊ लागला. सोय कारखान्याची झाली, ओझे बैलांचे वाढले.

ट्रॅक्टर आणि त्यामागची ट्रॉली आली तेव्हा हा टायर पुरेना. बैलाच्या चालीसाठी घडलेला टायर डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टरच्या वेगाने तापतो. ट्रॉलीचे चाक नुसते ओढले जाते, स्वतः जोर लावत नाही. म्हणून त्याला ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारखी खोल नक्षी लागत नाही, सरळ रेघांची पुरते. बघायची ती भार पेलण्याची ताकद. 9.00-16 मापाच्या टायरवर बहुधा 16 प्लाय लिहिलेले असते. सुती धाग्याच्या काळात हा आकडा खरोखर थरांचा होता. नायलॉन आल्यावर तो केवळ ताकदीचा निर्देशांक उरला. जोडचाकांत एक नवा आणि एक झिजलेला टायर घातला, तर नव्यावर जास्त भार पडतो. हवा कमी असेल तर बाजू सतत दुमडून आतून तापते. घाटात भरली ट्रॉली चढवताना तसा टायर फुटला तर दोष मात्र उन्हाला दिला जातो.

खर्च टाळायला रिमोल्ड टायर सर्रास वापरतात. गावठाणातल्या शेणखताच्या फेऱ्यांना तो चालून जातो. कारखान्याच्या लांबच्या वाहतुकीला तो घेताना जुन्या टायरचा सांगाडा तपासावा लागतो, कारण नवे रबर वरच्या थरावरच चढवलेले असते.