सर्व्हर नसलेल्या शेफला शोध कसा मिळाला

आजचा भाग एका फोनपासून सुरू करते.

पहिल्या नोकरीत मला जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या टीममधले एक सीनियर सहा-सात महिन्यांपूर्वी कंपनी सोडून गेले होते. एका संध्याकाळी त्यांचा फोन. ‘अगं, सवयीने जुनी कमांड मारली आणि चक्क तुमच्या सर्व्हरवर लॉगिन झालं. माझं खातं काढलं नाहीत का?’

माझ्या पोटात गोळाच आला. कारण ते खातं मीच काढलं होतं. म्हणजे, काढलंय असं मला वाटत होतं. त्यांच्या नावाची फाइल मी स्वतः डिलीट केली होती, बदल सगळ्या मशिन्सवर चालवला होता, एकही एरर आला नव्हता. मग हे आत कसे?

याचं उत्तर समजायला थोडं मागे जावं लागेल.

सुरुवात 1993 ची, ऑस्लो विद्यापीठातली. मार्क बर्जेस हा मूळचा भौतिकशास्त्राचा माणूस. विभागातली वेगवेगळ्या जातींची युनिक्स मशिन्स सांभाळण्याचं काम त्याच्या गळ्यात पडलं. प्रत्येकीसाठी वेगळी स्क्रिप्ट लिहून तो वैतागला आणि त्यातून सीएफइंजिन तयार झालं. त्यातली कल्पना साधी आहे. मशीनला ‘हे कर, मग ते कर’ असं सांगायचं नाही. ‘तू शेवटी अशी दिसली पाहिजेस’ एवढंच सांगायचं. प्रोग्राम कितीही वेळा चालवा, मशीन त्या अवस्थेकडे सरकते. ही कल्पना लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

2005 मध्ये ल्यूक केनीझने पपेट आणलं आणि 2009 च्या जानेवारीत ॲडम जेकबच्या ऑप्सकोड कंपनीने शेफ. शेफमध्ये रेसिपी रुबी भाषेत लिहायची, रेसिपींचं मिळून कुकबुक होतं. नावं स्वयंपाकघरातली, काम मात्र सर्व्हर लावण्याचं.

शेफची खरी गंमत त्याच्या मध्यवर्ती सर्व्हरमध्ये होती. प्रत्येक मशीन, शेफच्या भाषेत ‘नोड’, काम झालं की आपली माहिती तिथे जमा करायची: माझा आयपी हा, माझी भूमिका ही. आणि रेसिपीतून त्या माहितीत शोध घेता यायचा. लोड बॅलन्सरला वेब सर्व्हरची यादी हाताने द्यायला नको. तो विचारणार, ‘वेब सर्व्हरची भूमिका असलेले नोड कोण कोण आहेत?’ आणि उत्तरावरून स्वतःची फाइल लिहिणार. याशिवाय डेटा बॅग होत्या. कुठल्याही एका मशीनची नसलेली माहिती, उदाहरणार्थ युजर्सची यादी, जेसन फाइलींच्या रूपात ठेवायची जागा. शोध तिथेही चालायचा.

पण हे फुकट नव्हतं. सुरुवातीच्या त्या सर्व्हरमागे काउचडीबी होता, रॅबिटएमक्यू होता आणि शोधासाठी सोलर. चार मशिन्स सांभाळायला ही पाचवी, आणि तीच सगळ्यात नाजूक! त्यामुळे छोट्या टीम्स शेफ सोलोकडे वळल्या. सोलो म्हणजे सर्व्हरशिवायचा शेफ. आजकाल ‘सर्व्हरलेस’ म्हटलं की डोळ्यांपुढे वेगळंच काही येतं, तसं इथे नाही. इथे अर्थ शब्दशः घ्यायचा. कुकबुकचा फोल्डर मशीनवर कॉपी करायचा, तिथेच कमांड चालवायची, बस्स.

अडचण एकच. सोलोमध्ये शोध नव्हता, कारण शोधायचं कुठे? त्यामुळे लोकांनी लिहिलेली तयार कुकबुक्स सोलोवर आणली की शोधाच्या ओळीवर अडकायची. बऱ्याच कुकबुक्समध्ये एक ठरलेली अट दिसायची: सोलोवर चालत असू तर ‘इथे शोध चालत नाही’ असा इशारा छापा आणि पुढे जा. नाहीतर मग सगळ्या याद्या हाताने लिहा.

पुढे सोलोला फोल्डरमधल्या डेटा बॅग वाचता येऊ लागल्या, आणि जर्मनीतल्या एडेलाइट नावाच्या कंपनीतल्या लोकांनी ही फट बुजवली. त्यांनी शेफ-सोलो-सर्च नावाची छोटी लायब्ररी लिहून खुली केली. ती स्वतःच एक कुकबुक होती. इतर कुकबुक्सशेजारी ठेवायची, की शोधाची आज्ञा तिच्याकडे यायची. रुबीत चालू प्रोग्रामची पद्धत बाहेरून बदलता येते, त्याचाच हा उपयोग. आत इंडेक्स वगैरे काही नाही. डेटा बॅगचा फोल्डर उघडायचा, एकेक जेसन फाइल वाचायची, प्रश्नाला जुळते का बघायचं. शंभर फाइलींसाठी आणखी काय हवं?

मेहनत होती ती प्रश्न समजून घेण्यात. शेफच्या सर्व्हरवर प्रश्न ल्यूसीनच्या भाषेत विचारायचे. त्या भाषेतला उपयोगी भाग या लायब्ररीने उचलला: नाव अमुक आहे का, नाव अमुक अक्षरांनी सुरू होतं का, आणि ‘अँड’, ‘नॉट’ यांची जोडणी. त्यामुळे सर्व्हरसाठी लिहिलेली रेसिपी एक ओळही न बदलता सोलोवर चालू शकायची. मला या लायब्ररीत सगळ्यात आवडतं ते हेच.

एक मर्यादा मात्र राहिली. नोड शोधायचे असतील, तर नोडची माहितीही डेटा बॅगसारख्या फाइलींत आपणच लिहून ठेवायची. सर्व्हरवर मशीन स्वतःबद्दल बोलायची. इथे मशीनबद्दल आपण बोलतो, आणि आपलं लिहिणं शिळं होऊ शकतं.

आता परत त्या फोनकडे. आमच्याकडे सोलो होता, ही लायब्ररी होती आणि घरी लिहिलेलं युजर्सचं कुकबुक होतं. रेसिपी म्हणायची: डिप्लॉय ग्रुपमधले सगळे युजर शोध आणि प्रत्येकाचं खातं तयार कर. मी सरांची फाइल डिलीट केल्यावर शोधात ते आलेच नाहीत. रेसिपीने त्यांचं खातं तयार केलं नाही, बरोबर. पण आधीच असलेलं खातं काढ, असं तिला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. तिच्या दृष्टीने ते खातं विषयच नव्हता.

मी आधी लायब्ररीला दोष दिला, मग सोलोला. दोन्ही चूक. मध्यवर्ती सर्व्हर असता तरी हेच झालं असतं. बर्जेसची ती कल्पना आठवा. मशीन सांगितलेल्या अवस्थेकडे सरकते. जे सांगितलंच नाही, तिथे ती हात लावत नाही. आणि शोध तर लिहिलेलंच शोधणार.

गंमत म्हणजे उपाय आधीच लिहिलेला होता. शेफच्या जगात सर्रास वापरल्या जाणाऱ्या युजर्स कुकबुकमध्ये दोन शोध असायचे. एक, ग्रुपमधले पण ‘ॲक्शन रिमूव्ह’ नसलेले. यांची खाती तयार कर. दुसरा, ‘ॲक्शन रिमूव्ह’ असलेले. यांची खाती काढ. म्हणजे माणूस गेला की फाइल पुसायची नाही, तो गेला असं तिच्यात लिहायचं. आणि त्यासाठी लागणारा ‘नॉट’ आमच्या लायब्ररीत होताच! त्या रात्री मी सरांची फाइल परत आणली, एक ओळ घातली, दुसरा शोध लिहिला. मग आणखी तीन जुनी नावं सापडली.

इकडे शेफनेही हा धडा घेतला होता. शेफ झिरो आला, मेमरीत चालणारा इवलासा सर्व्हर, आणि 2013 मध्ये त्यावर आधारलेला लोकल मोड. शोध आता त्यातच मिळू लागला. 2016 मध्ये शेफ सोलोसुद्धा आतून हीच वाट वापरू लागला. बाहेरच्यांनी गरजेपोटी लावलेलं ठिगळ मूळ कापडातच विणलं गेलं. आमच्याकडे ते जुनं ठिगळ तरीही होतं, कारण चालतंय तर हात कशाला लावा!

तुमच्याकडे शेफ नसेल, दुसरं काही असेल. पण या आठवड्यात एक करा. सोडून गेलेल्या एखाद्याचं नाव आठवा आणि ते मशीनवर जाऊन बघा, फाइलींत नाही. काय सापडलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.