बरणीचा पेला

शहापूर-मुरबाडकडे एखाद्या घरीं पाणी मागितलें, तर मुरंब्याची रिकामी झालेली कांचेची बरणी धुऊन तिच्यांतच तें पुढें येतें. तोंडाच्या आट्या ओंठांस लागतात खऱ्या. पण बरणी जाड, सहसा फुटत नाहीं.

अशा आट्यांच्या बरणीचें पेटंट अमेरिकेंत जॉन मेसन ह्यानें १८५८ सालीं घेतलें. आमच्याकडे कांच पिण्याच्या भांड्यांत येण्यास विलंब लागला, तो केवळ किंमतीमुळें नव्हे. पितळ राखेनें घांसलें कीं शुद्ध होई. कांच व चिनी माती सोंवळ्याबाहेरच राहिलीं. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनांतील चहापायीं टिळक-रानड्यांसही ग्रामण्यास तोंड द्यावें लागलें, हें वाचकांस ठाऊक आहेच. पुढें तळेगांवास १९०८ सालीं पैसाफंडाचा कांच-कारखाना निघाला, १९१६ सालीं ओगले बंधूंचा निघाला, आणि स्वदेशीच्या नांवानें कांच घरांत आली.

विटाळ मात्र गेला नाहीं. खेड्यांतील चहाच्या दुकानांत अस्पृश्यांची कपबशी निराळी असे, आणि ती धुवावयाचीही त्यांनींच. १९५५ च्या अस्पृश्यता-निवारक कायद्यास उपाहारगृहांतील भांड्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला, तो उगाच नव्हे.

म्हणून बरणी पुढें आली कीं ती कोणाकोणापुढें येते, हें आम्ही पाहतों. मुरबाडकडे दोन्ही प्रकार दिसले. एका घरीं फळीवर पितळी फुलपात्रें मांडलेलीं असतां मजुरापुढें तेवढी बरणी आली. दुसऱ्या घरीं बरणी एकच होती. आम्ही प्यालों, आणि यजमानानें ती विसळून तींतच आपलें पाणी घेतलें.