रक्तबीज आणि छाया

मानवी प्रतिकृतींचे भविष्य रंगविणारा एखादा विज्ञानपट पाहिला की भारतीय प्रेक्षकाच्या तोंडून सहज एक उद्गार निघतो: हे तर आपल्या पुराणांत होतेच! म्हैसूरसारख्या नगरात तो अधिकच स्वाभाविक म्हटला पाहिजे. जेथे चामुंडीची टेकडी दृष्टीआड होत नाही, तेथे भूमीवर सांडलेल्या रक्ताच्या थेंबाथेंबातून स्वतःसारखाच असुर उभा करणारा रक्तबीज आणि ते रक्त वरच्यावर प्राशन करणारी चामुंडा यांचे स्मरण व्हायचेच. हा उद्गार अगदीच टाकाऊ नाही. मात्र त्यात ग्रंथ योग्य निवडला गेला असला, तरी कथा चुकली आहे.

रक्तबीजाच्या आख्यानातील भय संख्येचे आहे. तेथे प्रत्येक प्रत मूळाइतकीच बलवान असते. निसर्गाचा अनुभव याच्या उलट आहे. ‘क्लोन’ हा शब्द १९०३ मध्ये वनस्पतिशास्त्रात रूढ करण्यात आला, तो डहाळीवाचक ग्रीक शब्दावरून. म्हैसूरनजीकच्या नंजनगूडची प्रसिद्ध रसबाळे केळी मुनव्यांपासून लावली जाते. म्हणजे पिढ्यानपिढ्या एकाच झाडाची ती आवृत्ती होय. मर रोग आला तेव्हा एका झाडाचे दौर्बल्य सर्वांचे ठरले आणि ही जात जवळजवळ नामशेष झाली.

वनस्पतीचा हा शब्द माणसाला लावण्याचे धाडस १९६३ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी केले. ते त्या वेळी भारतात स्थायिक झालेले होते. असामान्य कर्तृत्वाच्या व्यक्तींच्या प्रती निर्माण कराव्यात, असा विचार त्यांनी मांडला. त्यांची दृष्टी मूळ व्यक्तीच्या गुणांवर खिळलेली होती. प्रतीला स्वतःचे असे काही म्हणावयाचे असेल काय, हा प्रश्न पुढे चित्रपटाने विचारला.

त्यासाठी प्रेक्षकाला जुनी सवय सोडावी लागली. १९१७ मध्ये दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. तेव्हापासून एका देहात दोन व्यक्ती पाहण्यास आपला प्रेक्षक सरावला आहे. प्रतिकृतीच्या चित्रपटात चेहरा आणि देहाची घडण एकच असते. वेगळे असते ते केवळ जगलेले आयुष्य. ‘द आयलंड’ (२००५) मधील प्रतिकृती धनिकांना अवयव पुरविण्यासाठी वाढविलेल्या आहेत आणि त्या पळून जातात. काझुओ इशिगुरो यांच्या कादंबरीवरील ‘नेव्हर लेट मी गो’ (२०१०) मध्ये तर बंडही नाही. तेथे मुलांची चित्रे जमविली जातात, ती त्यांना आत्मा आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी. कलेला साक्षीदार म्हणून उभे करणारा हा प्रसंग साहित्याच्या अभ्यासकाला अस्वस्थ करील.

या प्रश्नाशी रक्तबीजाचे नाते नाही, छायेचे आहे. सूर्याचे तेज न साहवल्याने संज्ञा आपल्या जागी छाया ठेवून निघून गेली. छायेने केवळ जागा राखली नाही. ती आई झाली, स्वतःच्या मुलांवर अधिक माया करू लागली आणि रागाच्या भरात तिने यमाला शाप दिला. आई मुलाला असा शाप देणार नाही, या तर्काने तिचे रूप उघड झाले. तरीही कथेने तिला पुसून टाकले नाही. तिचा पुत्र सावर्णी हा आठवा मनू ठरला.

रक्तबीज आणि छाया या दोघांच्याही कथा मार्कंडेय पुराणातच येतात. इतकेच नव्हे, तर रक्तबीजाचा वध सांगणारे देवीमाहात्म्य या सावर्णीच्याच उल्लेखाने उघडते आणि सुरथ राजा पुढील जन्मी सावर्णी मनू होईल, या वरावर संपते. असुराच्या असंख्य प्रतींचा संहार सांगणारी कथा अशा रीतीने एका प्रतीच्या पुत्राला मन्वंतराचे स्वामित्व देणाऱ्या चौकटीत बसविलेली आहे.

विज्ञानपट पाहून पुराणाची आठवण होण्यात गैर काही नाही. मात्र रक्तबीज आठवला की प्रतीचा नाश हाच न्याय वाटू लागतो. छाया आठवली, तर तिच्या बाजूने कोण बोलणार, हे विचारावे लागते.