‘किती देते?’ : बाजार, प्रदर्शन आणि एक आकडा

वाहन विकत घेऊ पाहणारा आपल्याकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती देते?’ हा. वाक्यात कर्ता नाही, कर्मही नाही. दोन्ही अध्याहृत आहेत, आणि तरीही बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. एका लिटर इंधनात गाडी किती किलोमीटर जाते, एवढाच त्याचा अर्थ. युरोपात हाच हिशेब उलटा मांडतात : शंभर किलोमीटरला किती लिटर इंधन लागते? म्हणजे तिकडची गाडी इंधन ‘खाते’ आणि आपली गाडी किलोमीटर ‘देते’. हे ‘देणे’ कुठून आले असावे हे सांगायला भाषाशास्त्रज्ञाची गरज नाही. गाय किती देते, म्हैस किती देते, हे विचारणाऱ्या समाजाने यंत्रालाही त्याच दावणीला बांधले.

मोटारींच्या प्रदर्शनात हा प्रश्न विचारणाऱ्याला मिळणारी वागणूक आणि उत्तरादाखल सांगितला जाणारा आकडा, या दोन तक्रारी बहुधा वेगवेगळ्या मांडल्या जातात. पहिली शिष्टाचाराची, दुसरी सत्याची. त्या मुळात एकच आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी थोडे मागे जाऊन जनावरांच्या बाजारापासून सुरुवात करावी लागेल.

मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी यात्रा जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्राही तशीच. अशा बाजारातला व्यवहार साधासरळ असतो असे मुळीच नाही. हेडी आणि दलाल यांची कीर्ती काही चांगली नाही. धार एक वेळ न काढता जनावर बाजारात उभे करायचे, म्हणजे कास भरलेली दिसते, ही युक्ती जुनीच आहे. पण गिऱ्हाइकाच्या हातीही काही हक्क असतात. तो बैलाचे दात पाहतो, खांदा चाचपतो, त्याला चालवून किंवा गाडीला जुंपून पाहतो. म्हशीची धार स्वतः काढून पाहतो. विकणारा तोंडाने फटकळ असला तरी जनावराला हात लावू नका असे म्हणू शकत नाही. तसे म्हटले तर जनावरात खोड आहे, असाच अर्थ लोक काढतील. थोडक्यात, बाजारात लबाडी असते आणि ती पकडण्याची रीतही असते.

‘प्रदर्शन’ या शब्दातच फरक आहे. प्रदर्शन म्हणजे दाखवणे. दाखवणारा आला की बघणारा आलाच. गिऱ्हाईक येथे प्रेक्षक होते. गाडी फिरत्या चौथऱ्यावर उभी असते, भोवती दोरी असते, हात लावू नये अशी पाटी असते. यंत्र बंद असते आणि टाकीत जेमतेम इंधन असते. ज्या गोष्टीसाठी ती घ्यायची, म्हणजे चालणे, ती सोडून बाकी सारे तेथे दिसते. उरतो तो माहितीपत्रकावर छापलेला आकडा. म्हणजे धारेची जागा मजकुराने घेतली. मजकूर आला की त्याचा राखणदार आला. प्रश्न विचारणाऱ्याच्या पायांतल्या चपलांकडे पाहणारा, ‘बुकिंग करणार असाल तर सांगतो’ म्हणणारा, माहितीपत्रक मागितल्यावर टेबलाखाली सरकवणारा मंडपातला कर्मचारी अनेकांनी पाहिला असेल. त्याचे वागणे समर्थनीय नाही. पण त्याला दाखवायला नेमलेले असते, तपासू द्यायला नाही. आकडा कसा काढला हे बहुतेक वेळा त्यालाही कोणी सांगितलेले नसते, आणि ज्याला उत्तर ठाऊक नाही त्याला प्रश्न हा अपमान वाटतो.

आपल्याकडे या उर्मटपणाला आणखी एक वारसा आहे, तो टंचाईचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मोटारी कुर्ल्याला बनत. परवाना-राज्याच्या काळात त्यांच्यासाठी आणि बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. जिथे गिऱ्हाईकच रांगेत उभे असते तिथे विक्रेत्याला नम्र असण्याचे कारण नसते, आणि ‘किती देते?’ या प्रश्नालाही फारसा अर्थ नसतो. जे मिळेल ते घ्यायचे असते. १९७३ च्या तेलसंकटाने इंधनाचा भाव प्रत्येकाच्या घरात पोहोचवला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १००. दिल्लीच्या प्रगती मैदानावर पहिला ऑटो एक्स्पो भरला तो जानेवारी १९८६ मध्ये. म्हणजे निवड, आकडा आणि प्रदर्शन या तीन गोष्टी आपल्याकडे अवघ्या तीन वर्षांत एकामागोमाग आल्या.

हिरो होंडाची त्या काळातील जाहिरात अनेकांना आठवत असेल. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असा तिचा आशय होता आणि लिटरला ऐंशी किलोमीटर हा तिचा आकडा होता. चारस्ट्रोक इंजिन त्या वेळच्या दुचाकींच्या मानाने खरोखरच काटकसरी होते. त्याबद्दल वाद नाही. लक्ष वेधते ते ‘विसरून जा’ हे आवाहन. हिशेब ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला हिशेब विसरायला सांगणारी ही जाहिरात होती. पुढे २०१० च्या सुमारास मारुती सुझुकीने ‘कितना देती है’ हा प्रश्नच जाहिरातमालिकेचे ब्रीद केला. ज्या प्रश्नाने विक्रेता पेचात पडायचा तोच प्रश्न विक्रेत्याच्या तोंडी गेला, हा आपल्या जाहिरातींच्या इतिहासातला एक विलक्षण प्रसंग म्हणायला हवा.

आता हा आकडा येतो कुठून? भारतात बहुतेकदा तो पुण्याहून येतो. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, ही संस्था कोथरूडच्या टेकडीवर आहे. तेथे गाडी रस्त्यावर नव्हे, रुळांवर चालवतात. चाके फिरतात, गाडी जागच्या जागी असते आणि वेग ठरलेल्या आलेखानुसार कमीजास्त केला जातो. जुने ‘भारतीय चालनचक्र’ १०८ सेकंदांचे होते. त्यातला कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी सुमारे २२. पुढे मोटारींसाठी युरोपीय पद्धतीवर बेतलेले सुधारित चक्र आले, त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर धरला. या चाचणीत वातानुकूलन बंद असते, चढ नसतो, खड्डा नसतो, चालक शिकलेला असतो. यात लबाडी नाही. दोन गाड्यांची तुलना करायची तर परिस्थिती एकच हवी आणि प्रयोगशाळेशिवाय ती मिळत नाही. चाचणी सांगते ते इतकेच की अशा अवस्थेत ही गाडी त्या गाडीपेक्षा अधिक देते. लबाडी सुरू होते ती तुलनेसाठी काढलेला आकडा वचन म्हणून विकला जातो तेव्हा. आकड्याच्या डोक्यावरची चांदणी आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या टायपातली ‘प्रमाणित चाचणी-स्थितीत’ ही टीप, हा सारा प्रपंच त्यासाठीच असतो. साहित्याच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल : मुख्य संहिता एक सांगते आणि तळटीप ते हळूच परत घेते.

या संहितेला आव्हान देणारी माणसे पाहायची असतील तर भिवंडीला जावे. यंत्रमागांचे हे गाव मुंबईच्या जकात-हद्दीबाहेर असल्यामुळे गोदामांचेही गाव झाले. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा करामुळे मुंबईची जकात संपली, पण गोदामे राहिली आणि वाढली. काल्हेर, राहनाळ, पूर्णा, माणकोली या गावांतून निघालेला मालट्रक मुंबई-आग्रा रस्त्याला लागतो, पडघ्यावरून पुढे जातो आणि कसाऱ्याचा घाट चढतो. येथे ‘मायलेज’ हा शब्द सहसा ऐकू येत नाही. शब्द आहे ‘ॲव्हरेज’. उच्चार माणसागणिक बदलतो, पण अर्थ पक्का असतो. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा टिपायचा, खेप करून आल्यावर पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. एका खेपेवर विश्वास ठेवायचा नाही. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, घाट, पावसाळा, माणकोलीची कोंडी असे सारे त्यात आले पाहिजे. मैल गेले तरी ‘मायलेज’ हा शब्द माहितीपत्रकात राहिला, आणि रस्त्यावरच्या माणसाने स्वतःसाठी ‘सरासरी’ हा अधिक प्रामाणिक शब्द निवडला.

त्याच्यासाठी हा हौसेचा विषय नाही. महिन्याला सहा हजार किलोमीटर धावणारा ट्रक लिटरला चार किलोमीटर देत असेल तर १५०० लिटर डिझेल लागते. साडेतीन देत असेल तर सुमारे १७१४ लिटर. डिझेलचा दर लिटरला ९० रुपये धरला तर अर्ध्या किलोमीटरचा हा फरक महिन्याला एकोणीस हजारांच्या घरात जातो. कर्जाच्या हप्त्यातला मोठा वाटा त्यात बुडू शकतो. येथे ‘देते’ या क्रियापदाचा एक तोटाही नोंदवायला हवा. मोटार लिटरला वीसऐवजी पंचवीस देऊ लागली तर शंभर किलोमीटरला एकच लिटर वाचते. ट्रक साडेतीनऐवजी चार देऊ लागला तर साडेतीन लिटरांहून अधिक वाचते. कानाला पाच मोठे वाटतात आणि अर्धा लहान. ‘किती खाते?’ असे विचारले असते तर हा भ्रम झाला नसता. अवजड वाहनांसाठी २०१७ मध्ये अधिसूचित झालेली इंधनखपतीची मानके ताशी ४० आणि ६० किलोमीटर अशा स्थिर वेगांवरच्या चाचणीवर आधारलेली आहेत. भिवंडीतून निघणाऱ्या ट्रकच्या नशिबी स्थिर वेग किती असतो, हे त्या वाटेने गेलेल्याला सांगायला नको.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने प्रत्येक नव्या मोटारीवर इंधनखपतीचे लेबल सक्तीचे झाले. लोकांना तेवढे अंतर मिळेना, तेव्हा १९८५ च्या मॉडेलांपासून प्रयोगशाळेतले आकडे शहरासाठी १० टक्क्यांनी आणि महामार्गासाठी २२ टक्क्यांनी कमी करून छापले जाऊ लागले. म्हणजे आकडा फुगतो हे सरकारनेच मान्य केले. ह्युंदाई आणि किआ यांना वाढीव दाव्यांबद्दल २०१४ साली तेथे दहा कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. अनेक चाचण्यांची सरासरी घेण्याऐवजी सोयीचे निष्कर्ष निवडले, हा त्यांच्यावरचा एक प्रमुख आक्षेप होता. भिवंडीचा ट्रकवाला ‘ॲव्हरेज’ म्हणतो तेव्हा जे मागतो, नेमके तेच येथे चुकवले गेले होते. २०१६ मध्ये मित्सुबिशीने जपानमध्ये अशाच फेरफाराची कबुली दिली.

आपल्याकडे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, आणि आता त्याची जागा घेतलेल्या २०१९ च्या कायद्याने, गिऱ्हाइकाला धार काढून पाहण्याचा जुना हक्क वेगळ्या रूपात परत दिला आहे. केरळातील त्रिशूरच्या ग्राहक आयोगाने २०२२ साली फोर्डच्या एका मोटारीबाबत दिलेला निर्णय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. माहितीपत्रकात लिटरला ३२ किलोमीटरचा दावा होता. आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाने गाडी रस्त्यावर चालवून पाहिली तेव्हा १९.६ भरले. ग्राहकाला एकूण ३ लाख १० हजार रुपये देण्याचा आदेश झाला. तक्रार टिकली ती माहितीपत्रक जपून ठेवल्यामुळे आणि प्रत्यक्ष मोजणीमुळे.

तेव्हा प्रदर्शनात जाणाऱ्याने काय करावे? विक्रेत्याच्या स्वभावाशी भांडू नये, आकड्याच्या स्वभावाची चौकशी करावी. हा आकडा कोणत्या चाचणीतला? वातानुकूलन चालू होते की बंद? गाडीत वजन किती होते? हाच आकडा शिक्का-सहीनिशी लिहून द्याल का? शेवटच्या प्रश्नावर मंडपातला आवाज बहुधा बदलतो. कधी चढतो, कधी मऊ होतो. दोन्हींतून कळायचे ते कळते. माहितीपत्रक मात्र मागून घ्यावे आणि तारीख टाकून ठेवावे. मग तीच गाडी वापरणारे दोन-चार जण शोधून त्यांना ‘मायलेज किती?’ असे न विचारता ‘ॲव्हरेज किती पडते?’ असे विचारावे.

पडणे आणि देणे यांतला फरक शेवटी महत्त्वाचा आहे. जे दिले जाते ते देणाऱ्याच्या मर्जीचे असते. जे ‘पडते’ ते मोजणाऱ्याच्या वहीत पडते. बाजारातले गिऱ्हाईक दोरीपलीकडे उभे राहून प्रेक्षक झाले तेव्हा ही वहीच त्याच्या हातून सुटली. भिवंडीच्या ट्रकवाल्याच्या खिशात ती अजून आहे.