व्याजदर डेरिव्हेटिव्हांचे मूल्यमापन

ज्या आर्थिक कराराचे मूल्य भविष्यातील व्याजदरावर अवलंबून असते, त्याला व्याजदर डेरिव्हेटिव्ह म्हणतात. स्थिर व तरत्या व्याजाची अदलाबदल करणारा स्वॅप, व्याजावर कमाल मर्यादा घालणारा कॅप आणि ठरावीक अटींवर स्वॅप करण्याचा हक्क देणारा स्वॅप्शन हे त्याचे प्रमुख प्रकार होत. अशा करारांची आजची रास्त किंमत काढण्यासाठी संभाव्यताशास्त्र, कलनशास्त्र व संगणकीय गणित यांचा उपयोग केला जातो.

स्वरूप

एखाद्या उद्योगाने ५० लाख रुपयांचे कर्ज तरत्या दराने घेतले आणि बँकेकडून ८ टक्क्यांचा कॅप विकत घेतला, असे समजू. एखाद्या वर्षासाठी दर ९.५ टक्के ठरला, तर वरच्या १.५ टक्क्याचे ७५,००० रुपये बँक देते. दर ८ टक्के किंवा त्याहून कमी राहिला, तर काहीच देत नाही. या संरक्षणाचे शुल्क मात्र आजच ठरवावे लागते. ते कमी पडल्यास तोटा बँकेचा होतो आणि जास्त झाल्यास भुर्दंड उद्योगाला बसतो.

मूल्यमापनाचे तत्त्व

बाजारात जोखमीशिवाय नफा मिळवता येत नाही, हे गृहीतक येथे पायाभूत आहे. त्यानुसार जोखीम-तटस्थ संभाव्यता वापरून भावी रकमांच्या वर्तमानमूल्याची सरासरी काढली की ती कराराची किंमत ठरते. शेअरवरील ऑप्शनची किंमत काढताना व्याजदर स्थिर मानता येतो. येथे तशी सोय नाही, कारण मिळणारी रक्कम आणि तिचे वर्तमानमूल्य ही दोन्ही व्याजदरावरच ठरतात.

प्रमुख प्रतिमाने

फिशर ब्लॅक यांनी १९७६ मध्ये वायदा किमतींसाठी मांडलेले सूत्र पुढे कॅप व स्वॅप्शन यांच्यासाठी रूढ झाले. त्यात दर नेहमी धन असतो असे मानले जाते. १९७७ मध्ये ओल्ड्रिच वासिचेक यांनी अल्पकालीन दराचे प्रतिमान मांडले. त्यात दर दीर्घकालीन सरासरीकडे ओढला जातो व त्याच वेळी यादृच्छिक धक्के खातो:

दरातील बदल = ओढीचा वेग × (सरासरी दर − आजचा दर) × कालावधी + चंचलता × √कालावधी × यादृच्छिक संख्या

या प्रतिमानात दर शून्याखाली जाऊ शकतो. हा दोष मानला गेला. कॉक्स, इंगरसोल व रॉस यांच्या १९८५ च्या प्रतिमानात धक्क्याचा आकार दराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असल्याने दर ऋण होत नाही. हल व व्हाइट यांनी १९९० मध्ये सरासरी कालानुसार बदलती ठेवून प्रतिमान बाजारातील रोख्यांच्या चालू किमतींशी तंतोतंत जुळवले. हीथ, जॅरो व मॉर्टन यांनी १९९२ मध्ये एका दराऐवजी सर्व मुदतींच्या वायदा दरांचा संपूर्ण वक्र एकत्रित हलताना दाखवला.

संगणकीय पद्धती

ज्या करारांसाठी थेट सूत्र मिळत नाही, तेथे माँटे कार्लो पद्धत वापरतात. वासिचेक प्रतिमानात आजचा दर ६ टक्के, सरासरी ७ टक्के, ओढीचा वेग ०.५ व वार्षिक चंचलता १ टक्का धरू. एका महिन्यात ओढीमुळे दर सुमारे ०.०४ ने वाढतो. यादृच्छिक संख्या −०.८ आली, तर धक्क्यामुळे तो सुमारे ०.२३ ने घटतो आणि नवा दर ५.८१ टक्के होतो. अशी पावले टाकत दराची एक संभाव्य वाट तयार होते. हजारो वाटांवरील वर्तमानमूल्यांची सरासरी ही कराराची अंदाजित किंमत होय. अंदाजातील चूक निम्मी करण्यासाठी चौपट वाटा लागतात.

मुदतीपूर्वी हक्क बजावता येणाऱ्या करारांत प्रत्येक टप्प्यावर थांबावे की बजावावे हे ठरवावे लागते. त्यासाठी शेवटाकडून मागे येणारी वृक्षपद्धत सोयीची असते. लाँगस्टाफ व श्वार्ट्झ यांनी २००१ मध्ये प्रतिगमनाचा आधार घेऊन हा निर्णय माँटे कार्लो पद्धतीतही घेता येईल असे दाखवले.

ऋण व्याजदर

जून २०१४ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने ठेवींवरील दर −०.१० टक्के केला. जानेवारी २०१५ मध्ये स्विस मध्यवर्ती बँकेचा दर −०.७५ टक्क्यांवर गेला. ऋण संख्येचा लघुगणक वास्तव संख्यांत काढता येत नसल्याने ब्लॅक यांचे सूत्र अशा दरांना लागू पडेना. मग दरात एक स्थिर संख्या मिळवून ते वापरण्यात आले, किंवा लुई बाशलिए यांच्या १९०० च्या प्रबंधातील कल्पनेवर आधारलेले, ऋण मूल्यांना वाव देणारे सूत्र स्वीकारले गेले. वासिचेक प्रतिमानाचा मानलेला दोष या परिस्थितीत गुण ठरला. प्रतिमानातील गृहीतके परिस्थितीनुसार पुन्हा तपासावी लागतात, हे यावरून स्पष्ट झाले.

भारतातील वापर

भारतीय रिझर्व्ह बँकेने जुलै १९९९ मध्ये व्याजदर स्वॅप व वायदा दर करार यांना परवानगी दिली. मुंबईतील बँकांमधील एक दिवसाच्या कर्जाच्या मायबोर या दरावर आधारित स्वॅप हा येथील प्रमुख प्रकार ठरला.